मातेर्नच्या वाटचिठ्ठ्या

मातेर्न ओस्टरमाननं माझ्या खाणावळीवर पहिली स्वारी केली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि आत अकरा माणसं आंबवलेला कोबी आणि सॉसेज खात होती. आमच्या सीमेवरच्या हुर्शबाख गावानं स्वीडनचं घोडदळ पाहिलंय, ऑस्ट्रियाचे तोफखाने पाहिलेत, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत चार वेळा झेंडा बदललेला पाहिलाय. पण यातलं कुठलंही सैन्य माझ्या स्वयंपाकघरातून इतक्या शिस्तीत आरपार गेलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या दारातून एक बुटका, चौकोनी माणूस आत आला. कानावर पेन्सिल, छातीशी वही, आणि तोंडानं मोठमोठ्यानं आकडे.

"चारशे अकरा. चारशे बारा."

मी पुढे झालो. नवा होतो, नम्र होतो. "नमस्कार, टेबल हवंय का तुम्हाला?"

त्यानं नुसता हात वर केला. त्या हातात असा काही अधिकार होता की खिडकीजवळच्या टेबलावरच्या नोटरीचा काटा तोंडाशी थांबला. "बोलू नकोस! चारशे तेरा."

टेबलांच्या मधून, घड्याळाखालून, तो सरळ स्वयंपाकघरात घुसला. माझी बायको ओडिल कांद्याच्या टार्टचा तवा घेऊन भिंतीला चिकटली. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. वाटेतली बटाट्यांची बादली त्यानं पायानं बाजूला केली, तेही मोजणीत न धरता, आणि मागच्या दारातून कोंबड्यांमध्ये निघून गेला. फाटकापाशी "चारशे सदतीस!" अशी आरोळी ऐकू आली. मग तो सभ्य माणसासारखा पुढच्या दारानं परत आला, पाव लिटर वाइन मागवली आणि मला म्हणाला, "तुझं घर वाटेत आलंय."

"हे घर सोळाशे चारपासून इथं आहे," मी म्हणालो.

"आणि वाट बाराव्या शतकापासून. तुझ्या सासऱ्याच्या कुठल्या तरी खापरपणज्यानं तिच्यावर चूल मांडली. लोकांना मी वळसा घालून नेतो, घाबरू नकोस. पण मोजायची ती खरी वाट मोजायची. तू सपाटीवरचा ना?"

मी ऱ्हाइनकाठच्या सपाट मुलखातून घरजावई म्हणून आलेला. आमच्याकडे सगळ्यांत उंच जागा म्हणजे कोबीचा ढीग. मी मान हलवली.

"वाटलंच. सपाटीवरच्यांना दुरून सगळं दिसतं, म्हणून जवळचं काही कळत नाही."

त्या दिवसापासून मी सपाट्या झालो. एकवीस वर्षं त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मातेर्नचं काम असं होतं. कोल्मारला सिल्वियान गासर नावाच्या बाईंचं ऑफिस होतं. त्या लोकांना आपलं आपण चालायच्या सहली विकत. सहा दिवस, सहा गावं, द्राक्षमळे, पडके किल्ले, तटबंदीतली जुनी घरं. सोबत वाटाड्या नाही. सामान गाडीनं पुढच्या मुक्कामी जायचं, आणि पाहुण्याच्या हातात फक्त एक चिठ्ठी, कुठं वळायचं ते सांगणारी. तिसऱ्या दिवसाचा मुक्काम माझ्याकडे. आणि चिठ्ठ्या लिहायचा मातेर्न.

बाईंची अपेक्षा साधी होती. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पूल ओलांडा. मातेर्न लिहायचा ते असं:

"कारंज्यापासून डावीकडे. पाणी पिऊ नका. आमचा महापौर पितो, आणि महापौराकडे बघा."

"एकशे ऐंशी पावलांवर हिरव्या झडपांचं घर. खिडकीतली फुलं प्लास्टिकची आहेत. फोटो काढू नका, मालकिणीला उत्तेजन मिळतं."

"राबेनफेल्सचा किल्ला. इथले सरदार वाटसरूंना लुटत असत. वंश अजून चालू आहे, खाली वाइनचं दुकान आहे."

हिरव्या झडपांची बाई वकील घेऊन कोल्मारला गेली तेव्हा सिल्वियानबाई तडक माझ्या खाणावळीत येऊन मातेर्नसमोर बसल्या.

"महाशय ओस्टरमान, लोकांना फक्त डावं-उजवं हवं असतं हो."

"डावं-उजवं गाढवालाही कळतं, बाईसाहेब. आपण कुणाच्या दारावरून चाललोय ते माणसाला कळायला नको?"

"पण प्लास्टिकची फुलं कशाला?"

"प्लास्टिकची आहेत म्हणून. खरी लावली तर पुढच्या वर्षी तसं लिहीन. माझं तिच्याशी वैर नाही."

गंमत म्हणजे लोकांना चिठ्ठ्या आवडायच्या. माझ्याकडे संध्याकाळी पाय पाण्यात सोडून बसलेले पाहुणे एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. जेवण झालं की त्या दिवसाबद्दल काय वाटलं ते एका कागदावर लिहून ठेवायचे, आणि सकाळी मातेर्न येऊन ते कागद वाचायचा. कॉफीत पाव बुडवत, भुवया उंचावत. दुरुस्ती पटली तर वहीत नोंद. नाही पटली तर "मूर्ख" एवढा एकच शब्द, तोही कागदाच्या पाठीवर.

दर मार्चमध्ये तो सहाही दिवसांची वाट स्वतः चालून तपासायचा आणि सगळी पावलं नव्यानं मोजायचा. पहिल्या वर्षीच्या चिठ्ठीत आमच्या चर्चपासून वरच्या क्रुसापर्यंत अकराशे चाळीस पावलं होती. काही वर्षांनी बाराशे तीस झाली. मग तेराशे नव्वद. एका डच इंजिनियरनं कागदावर लिहिलं की अंतरात गंभीर चूक आहे, क्रूस आधीच येतो. मातेर्न म्हणाला, "डोंगर वाढतोय." पाठीवर "मूर्ख" लिहायला त्यानं पेन्सिल काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत कानावर ठेवली. गावातून जाताना तो हात हलवत ताठ चालायचा. शेवटचं घर मागे पडलं की वेलींच्या खाली लपवलेली काठी काढायचा. सगळ्या गावाला काठीची जागा माहीत होती. फवारणीच्या वेळी ट्रॅक्टरवाले ती उचलून ठेवायचे आणि नंतर होती तशी परत ठेवायचे.

लग्न त्यानं केलं नव्हतं. घरात एक टेबल, एक खुर्ची, आणि भिंतीला टांगलेल्या छाटणीच्या कात्र्या. माणसाला नातेवाईक म्हणून एकच होता, आणि तो दोन किलोमीटरवर होता, आणि त्याच्याशी बोलणं नव्हतं.

आलोईस हा त्याचा धाकटा भाऊ. लग्न करून डोंगराच्या खांद्यापलीकडे आल्टेनव्हिलरला गेलेला. बाप १९८८ साली वारला. आमच्याकडे वाटणी म्हणजे वाटणी. हा मळा तुला, तो मला, असं नाही; प्रत्येक तुकडा मधोमध कापायचा. खांद्यावर बापाचा रीसलिंग द्राक्षांचा तुकडा होता. त्यात ओळी निघाल्या तेरा.

सहा याच्या, सहा त्याच्या. तेरावीचं काय? नोटरीनं डोकं लढवून तोडगा काढला: विषम साली तेरावी ओळ मातेर्नची, सम साली आलोईसची. नोटरीला कायदा कळत होता, वेल कळत नव्हती. यंदाच्या हिवाळ्यात जो छाटतो, तो यंदाच्या पिकासाठी काड्या ठेवतोच, पण पुढच्या वर्षीच्या काड्या जिथून फुटायच्या ते खुंटही त्यानंच राखायचे असतात. एकोणनव्वद साल मातेर्नचं. त्यानं काड्यांवर होते नव्हते तेवढे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवले, घमेली भरभरून द्राक्षं काढली आणि खुंट एकही राखला नाही. नव्वदच्या हिवाळ्यात आलोईस कात्री घेऊन आला तर वेलीवर कापण्यासारखं काही नव्हतं. त्या वर्षी द्राक्षवाल्यांच्या संताच्या जत्रेत, मिरवणूक चालू असताना, दोघे भाऊ संताच्या पालखीखाली एकमेकांना बुक्के मारत होते. त्यानंतर प्रत्येकानं आपापल्या वर्षी तेरावी ओळ अशी छाटली की पुढच्या वर्षी दुसऱ्याला काही उरू नये. मी पाहिली तेव्हा ती ओळ म्हणजे वाळलेल्या कोळ्यांची रांग झाली होती.

आणि आल्टेनव्हिलरहून आमच्या गावाला यायची सरळ वाट त्या ओळीच्या कडेनंच येते. वीस मिनिटांची. मातेर्नच्या चिठ्ठीत मात्र ओळीआधीच्या फाट्याबद्दल लिहिलेलं असायचं, "इथं सरळ जाऊ नका. डावीकडे वर चढा." वर म्हणजे राबेनफेल्सच्या पडक्या बुरुजापर्यंत, पन्नास मिनिटांचा उभा चढ, मग जंगलातून खाली. हजारो निरपराध माणसं, बेल्जियमच्या शिक्षिका, जर्मन दंतवैद्य, गुडघे दुखणारे फिनलंडचे धर्मगुरू, दोन भावांच्या भांडणापायी तो डोंगर चढली. कागदांवर लिहून गेली: किल्ल्यावरून देखावा अप्रतिम, पाय गेले.

"सरळ का नाही नेत रे?" मी एकदा विचारलं.

"अर्धी वाट त्याची आहे. माझे पाहुणे त्याच्या वाटेवर पाय ठेवणार नाहीत."

"पाहुणे सिल्वियानबाईंचे आहेत."

"सपाट्या, तू वाइन ओत."

२००२ च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या दोन बहिणी दुपारी दोनलाच माझ्या दारात हजर. त्या वाटेनं येणारे चारच्या आत कधी येत नसत. मी अजून फरशी पुसत होतो.

"तुम्ही लवकर आलात," मी म्हणालो.

थोरली म्हणाली, "फाट्यावर एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, वरचा चढ फक्त पापी लोकांसाठी आहे. तुम्ही काय पाप केलंय? आम्हाला काही आठवेना. मग त्यांनी सरळ धाडलं."

धाकटी म्हणाली, "आधी चिठ्ठी मागून घेतली त्यांनी. सहाही दिवसांची वाचली. हसून हसून खोकला आला त्यांना. मग वाइन दिली आणि विचारलं, तो अजून चालताना शीळ घालतो का?"

"कोण?"

"तेच आम्ही विचारलं. तर म्हणाले, राहू दे."

रात्री त्यांनी कागदावर लिहिलं: खुर्चीवरचे गृहस्थ सांगतात की चिठ्ठीच्या चौथ्या ओळीत लिहिलेला अक्रोड विजेनं पडला आहे, कृपया दुरुस्ती करावी. सकाळी मातेर्ननं तो कागद वाचला. पाव कॉफीत विरघळून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीतून अक्रोड गेला.

"कुणी सांगितलं तुला अक्रोडाचं?" मी मुद्दाम विचारलं.

"कागदावर होतं."

"सांगणाऱ्याचंही होतं की."

"अक्षर लागलं नाही."

त्या चिठ्ठीत एक नवी ओळ आली. "फाट्यावर एक म्हातारा बसलेला असेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो १९९० पासून खोटं बोलतोय." म्हातारा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होता.

मातेर्नची प्रत्येक वर्षीची चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. पंधरा वर्षं त्या दोन माणसांनी परक्या लोकांच्या खिशातून एकमेकांशी बोलणं केलं. वर्षाला एक वाक्य, फार तर दोन. २००६ मध्ये मातेर्ननं लिहिलं, "फाट्यावरचा म्हातारा वाइन देईल. प्या. वेली आमच्या बापानं लावलेल्या आहेत. विश्वास मात्र ठेवू नका." २०११ मध्ये: "फाट्यावरच्या खुर्चीचा मागचा पाय आखूड होता. मार्चमध्ये खाली दगड लावला आहे. कोणी हलवू नये." २०१४ मध्ये: "अकरानंतर खुर्चीवर ऊन येतं. म्हाताऱ्याला सांगा, या वयात टोपी घालावी."

त्याचं उत्तर लिएजच्या एका शिक्षिकेच्या सुबक अक्षरात आलं: खुर्चीवरचे गृहस्थ म्हणतात टोपी होती, पण ती जत्रेतल्या मारामारीत तुमच्याकडेच राहिली.

मातेर्न त्या दिवशी कॉफी न संपवता घरी गेला. पुढच्या मार्चमध्ये टोपी खुर्चीच्या पाठीला अडकवली गेली, आणि तसं चिठ्ठीत छापून आलं.

"दोन किलोमीटर आहे रे," ओडिल त्याला म्हणायची. "जा, दार वाजव, जेवायला बस."

"आणि बोलू काय? जे काय असतं ते चिठ्ठीत असतं."

"मग त्याला म्हण, ये."

"धाकट्यानं आधी यायचं असतं."

"धाकटा अडुसष्ट वर्षांचा आहे!"

"तरी धाकटाच."

२०१८ च्या एप्रिलमध्ये मातेर्न नवी चिठ्ठी पाकिटात घालून माझ्याकडे आला. सिल्वियानबाई दुपारी येणार होत्या. पाकीट चिकटवायच्या आधी तो म्हणाला, "सपाट्या, हे ऐक." आणि वाचायला लागला. आवाज कार्यालयीन, जणू रेल्वेचं वेळापत्रक.

"दिवस तिसरा. फाट्यावर वर चढू नका. सरळ या. खुर्चीवर बसलेला माणूस माझा भाऊ आहे. त्याला सांगा, यंदाच्या हिवाळ्यात तेराव्या ओळीच्या छाटणीला मी येतो. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. डोळे किती ठेवायचे ते त्यानं ठरवावं."

ओडिल पाठ फिरवून भांडी घासायला लागली. ती भांडी स्वच्छच होती.

"हो असेल तर कागदावर लिहून येईल," मातेर्न म्हणाला आणि जिभेनं पाकीट चिकटवलं.

सिल्वियानबाई आल्या त्या हातात फोन नाचवतच. यंदापासून छापील चिठ्ठ्या बंद. सगळं अ‍ॅपवर. पडद्यावर निळी रेघ, रेघेवर चाललं की झालं. चुकलात की फोन सांगणार. आणि संध्याकाळी कागद भरायचा नाही, पडद्यावर तारे द्यायचे. एक ते पाच.

मातेर्ननं फोनकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मी लिहिलेलं हा वाचून दाखवणार?"

"हो हो, तसंच काहीसं," बाई म्हणाल्या. त्यांना पुढच्या गावी पोचायचं होतं. "तुमची माहिती आहेच आमच्याकडे. तुम्ही आता आराम करा, महाशय ओस्टरमान." पाकीट त्यांनी पर्समध्ये टाकलं.

बाई वाईट नव्हत्या. घाईत होत्या. आणि मी तिथंच उभा होतो. मला त्याच क्षणी कळलं होतं की त्या फोनमध्ये मातेर्नचा एकही शब्द नाही. बोललो नाही. माझा सासरा मरताना मला खाणावळीची किल्ली देऊन म्हणाला होता, "जावई, एका टेबलावरचं बोलणं दुसऱ्या टेबलावर नेऊ नकोस. दोन्ही टेबलं रिकामी होतात." या एका नियमावर माझा धंदा चाललाय. आमच्या गावात खाणावळवाल्याला कान असावेत, तोंड फक्त मेन्यू सांगायला.

मे उजाडला. पहिले पाहुणे आले, आणि दुपारी दोनला आले. दुसरे आले, दोनला. सगळेच दोनला. फोनला भावांचं भांडण ठाऊक नव्हतं. त्याला जवळची वाट ठाऊक होती. निळी रेघ तेराव्या ओळीच्या कडेनं सरळ खाली.

मातेर्न माझ्या बाकावर बसून घड्याळ बघत होता. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "बघ! सरळ आले! वाचतात रे लोक!"

आपण लिहिलं म्हणून लोक सरळ येतात, असं त्याला वाटत होतं. मी ट्रे घेऊन आत गेलो.

तो प्रत्येक पाहुण्याला उठून विचारायचा, "खुर्चीवरचा माणूस काही म्हणाला का?"

"कोणता माणूस?"

"फाट्यावरचा. खुर्चीवर."

"हां, होते कुणीतरी. हात केला त्यांनी. कसला तरी कागद मागत होते. आमच्याकडे कुठला कागद? फोन दाखवला."

"मग?"

"मग काही नाही. बसून राहिले."

जूनमध्ये तो उठून विचारायचा. जुलैत बसल्या जागेवरून. ऑगस्टच्या अखेरीस विचारायचं बंद झालं. दोन वाजले की नुसती मान वळायची आणि परत यायची.

दर गुरुवारी मी आल्टेनव्हिलरला मुन्स्टर चीज आणायला जातो. रस्ता फाट्याच्या खालून जातो. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी गाडी थांबवून वर गेलो. आलोईस खुर्चीवर होता, टोपी घालून. हडकुळा झाला होता. त्यानं मला वाइन दिली.

"भाऊ बरा आहे?"

"बरा आहे."

"चिठ्ठ्या लिहायचं सोडलं का त्यानं?"

"आता फोन आलाय ना."

"हं." त्यानं ओळीकडे पाहिलं. "कंटाळला असेल. मीच जास्त बोललो टोपीवरून."

बोलायला हीच जागा होती. तीन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "यंदा गारा कमी पडल्या, नाही?" तो म्हणाला, "कमीच." मी पेला रिकामा केला, आभार मानले आणि चीज आणायला गेलो. त्या दिवशी सासऱ्याचा नियम मी अक्षरशः पाळला.

सप्टेंबरात, द्राक्षतोडणीसाठी मळ्यांतल्या वाटा बंद झाल्या त्या दिवशी, मातेर्न म्हणाला, "उत्तर नाही म्हणजे नाही. बरोबर आहे त्याचं. पहिला घाव माझा होता."

"कागद कुठं आहेत आता? तारे असतात," मी पुटपुटलो.

"द्यायचं असतं तर ताऱ्यातूनही दिलं असतं त्यानं. तो हुशार आहे."

मग नोव्हेंबर आला. आमच्याकडचा नोव्हेंबर म्हणजे गावानं डोक्यावरून घोंगडी ओढून घेणं. पाहुणे नाहीत, टेबलांवर खुर्च्या उलट्या, आणि गल्लीत साडेचारला अंधार. मातेर्न रोज यायचा, पाव लिटर प्यायचा आणि घरी जायचा. मार्चमध्ये वाट तपासायला जाणार का विचारलं तर म्हणाला, "कुणासाठी?"

जानेवारीत बॉयलरचा सुटा भाग आणायला मी कोल्मारला गेलो आणि पाय सिल्वियानबाईंच्या ऑफिसकडे वळले. मी पाकिटाचं विचारलं. त्यांना आठवेना. मग खणात सापडलं, जुन्या नकाशांच्या खाली. जिभेनं चिकटवलेलं, तसंच्या तसं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "महत्त्वाचं होतं का?"

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी ते मातेर्नच्या घरी, टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. फोनचं, ताऱ्यांचं. ऑगस्टमधल्या गुरुवारचंसुद्धा. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. शिव्यांची मी तयारी करून गेलो होतो.

त्यानं पाकीट उलटसुलट केलं. "फोडलंसुद्धा नाही." मग म्हणाला, "म्हणजे त्याला माहीतच नाही." आणि भिंतीवरच्या कात्र्यांकडे बघून हसला. "सपाट्या, त्याला माहीतच नाही रे!"

"चल, गाडी काढतो. आत्ता जाऊ."

"गाडीतून? भावाकडे? आणि हात हलवत? सोमवारी जातो. कात्री घेऊन, चालत. उद्या-परवा पाऊस आहे. ओल्या वेलीला कात्री लावतात का कुठं? जखमेत पाणी जातं. सपाटीवरचा तो सपाटीवरचाच."

"छाटू नका ओल्यात. नुसते भेटा."

"छाटायला येतो असं लिहिलंय मी. छाटायलाच जाणार."

शनिवारी मी स्वतः जाऊन आलोईसला सांगणार होतो. पण माझ्याकडे बारशाचं चाळीस माणसांचं जेवण होतं. रविवारी पाऊस होता. मातेर्ननं दोन कात्र्यांना धार लावली, एक स्वतःसाठी आणि एक, म्हणाला, त्याची बोथट असणार म्हणून. संध्याकाळी ओडिल त्याला सूप द्यायला गेली तेव्हा तो कोट घालून पलंगावर बसला होता आणि कुडकुडत होता. ताप एकोणचाळीस अंश सेल्सियस.

सोमवारी ऊन पडलं. तो उठून बूट घालायला लागला. मी आणि डॉक्टरनं मिळून त्याला परत झोपवलं. मग मी आलोईसच्या घरी फोन केला. त्याच्या सुनेनं उचलला. मी म्हणालो, त्याला सांगा, मातेर्न छाटणीला येतोय, बरा झाला की लगेच. ती म्हणाली, "तेही तापानं पडलेत हो, शनिवारपासून. आत्ता झोप लागलीय. उठले की सांगते."

त्या हिवाळ्यात दोन्ही गावांत फ्लूची साथ होती. आलोईस गुरुवारी गेला; निरोप त्याच्या कानी पडला की नाही, ते कळलं नाही. मातेर्न अकरा दिवसांत बरा झाला.